औषधाने येणारी हालचाल : पार्किन्सन, लेव्होडोपा आणि मेंदूतल्या जोडण्या



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्यांचा आग्रह असे की विज्ञान मराठीत सांगता आले पाहिजे, आणि सोपे करण्याच्या भरात ते चुकीचे सांगितले जाता कामा नये. तो आग्रह शिरोधार्य मानून मी आज दोन प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. पार्किन्सनच्या रुग्णाला ज्या औषधाने हालचाल परत मिळते, त्याच औषधाने काही वर्षांनी नको असलेल्या हालचाली का सुरू होतात? आणि त्या सुरू होतील या धास्तीने ते औषध लांबणीवर टाकावे का?

समोर बसलेल्यांपैकी अनेकांच्या घरी हा आजार आहे, त्यामुळे मी जे वर्णन करतो ते त्यांना नवे वाटणार नाही. सकाळची गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात अंग मोकळे होते. चहाचा कप धरता येतो, सदऱ्याची बटणे लावता येतात. मग थोड्या वेळाने खांदा आपोआप उचलला जाऊ लागतो, मान एका बाजूला वळते, पाय खुर्चीखाली फिरत राहतो, सारे धड झुलू लागते. गोळीचा अंमल ओसरला की हे थांबते, पण त्याबरोबर मोकळेपणाही जातो. या हालचालींना डॉक्टर डिस्कायनेशिया म्हणतात.

कंप आणि डिस्कायनेशिया यांची गल्लत फार होते. पार्किन्सनचा कंप बहुधा हात स्वस्थ असताना येतो आणि त्याला लय असते. सेकंदाला चार ते सहा वेळा. डिस्कायनेशियाला अशी लय नसते. ती वाहती, वळणे घेणारी, अंगभर फिरणारी हालचाल असते. कंप वाढला तर बऱ्याचदा औषध कमी पडत असते, आणि डिस्कायनेशिया बहुतेक वेळा औषधाचा अंमल शिखरावर असताना येतो. म्हणजे दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे. तपासायला आलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी ‘हात हलतो’ एवढेच सांगितले, तर डोस वाढवायचा की कमी करायचा, हे ठरवता येत नाही. गोळी किती वाजता घेतली, हालचाल किती वाजता सुरू झाली, याची चार दिवसांची नोंद आणि मोबाइलवर काढलेली मिनिटभराची चित्रफीत महागड्या तपासणीपेक्षा अधिक सांगून जाते.

ही गल्लत समाजाच्या पातळीवर किती निष्ठुर होऊ शकते, याचे एक उदाहरण देतो. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेतले अभिनेते मायकेल जे. फॉक्स एका निवडणूक जाहिरातीत दिसले. मूलपेशींवरच्या संशोधनाला पाठिंबा देणाऱ्या उमेदवारासाठी ते बोलत होते, आणि बोलताना त्यांचे शरीर सतत झुलत होते. रश लिंबॉ या रेडिओवरच्या भाष्यकाराने आरोप केला की फॉक्स यांनी एक तर औषध मुद्दाम टाळले आहे किंवा ते अभिनय करत आहेत. फॉक्स यांना सांगावे लागले की औषध घेतले होते, म्हणूनच शरीर तसे हलत होते. इतक्या प्रसिद्ध माणसाच्या वाट्याला हे येते, तर आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत किंवा एसटीच्या थांब्यावर एखाद्या काकांकडे लोक काय नजरेने पाहत असतील, याची कल्पना आपण करू शकतो. अनेक रुग्ण त्या नजरेपायी घराबाहेर पडणे सोडतात. मला याचे मनापासून दुःख होते, कारण शरीर चालते असताना माणूस घरात कोंडला जातो.

आता औषधाच्या इतिहासाकडे वळू. लंडनजवळच्या हॉक्स्टनमध्ये राहणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली सहा रुग्णांचे वर्णन करणारा निबंध लिहिला. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे या आजारावर खऱ्या अर्थाने उपाय नव्हता. तो सापडला त्या वाटेवर आपल्या ओळखीच्या दोन वनस्पती भेटतात. पहिली सर्पगंधा. तिच्यातून मिळणारे रेझर्पिन दिले की प्राणी निश्चल होतात. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी अशा निश्चल प्राण्यांना डोपा टोचले आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळाले. दुसरी वनस्पती खाजकुहिली. तिच्या बियांत लेव्होडोपा, म्हणजे आजच्या गोळीतले डोपा, असते, हे मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच दाखवले होते. पुढे १९६० मध्ये व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकिविच यांनी पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन या संदेशवाहक रसायनाचा दुष्काळ असल्याचे सिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी तिथे रुग्णांना लेव्होडोपा शिरेतून देऊन पाहिले गेले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे, हळूहळू वाढवत डोपाचे मोठे डोस दिले आणि वर्षानुवर्षे जखडलेली माणसे चालू लागली. मात्र १९६९ मध्ये त्यांनी दीर्घ उपचारांचा अहवाल दिला तेव्हा त्यात अनैच्छिक हालचालींची नोंदही होती. वरदान आणि त्याची किंमत दोन्ही जवळजवळ एकदमच जगापुढे आली.

ही किंमत का मोजावी लागते? निरोगी मेंदूत, मध्यमेंदूतल्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या पेशी स्ट्रायटम नावाच्या भागाला डोपामिन पुरवतात. हा पुरवठा ठिबक सिंचनासारखा असतो. मुळांना हवे तेवढे, थेंब थेंब, अखंड. गोळीने दिलेले डोपामिन पाटाच्या आवर्तनासारखे येते. पाणी सुटले की शेत तुडुंब, पाळी संपली की कोरडे. लेव्होडोपा रक्तातून दीड तासात निम्मे होते, म्हणून दिवसातून तीन, चार, पाच गोळ्या घ्याव्या लागतात. सुरुवातीच्या वर्षांत शिल्लक राहिलेल्या पेशी आलेले औषध साठवून ठेवतात आणि गरजेप्रमाणे सोडतात, त्यामुळे चढउतार जाणवत नाहीत. पेशी घटत जातात तशी ही साठवण संपते. मग लेव्होडोपाचे डोपामिनमध्ये रूपांतर सेरोटोनिन हे वेगळे रसायन सोडणाऱ्या पेशींत होऊ लागते. त्या पेशींना डोपामिन किती सोडावे, कधी आवरावे आणि परत कसे शोषून घ्यावे, याची यंत्रणाच नसते. २००७ मध्ये स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी उंदरांमधल्या या सेरोटोनिन पेशी काढून टाकल्या तेव्हा लेव्होडोपाने येणारा डिस्कायनेशिया जवळजवळ नाहीसा झाला. व्हँकुव्हरच्या संशोधकांनी रुग्णांच्या मेंदूच्या पेट चाचण्या केल्या, त्यांतही हेच दिसले : ज्यांना डिस्कायनेशिया होतो त्यांच्या स्ट्रायटममध्ये गोळीनंतर डोपामिन अधिक उसळते आणि लवकर खाली येते.

पेशी किती मेल्या आहेत, याला केवढे महत्त्व आहे हे एका दुर्दैवी घटनेने दाखवले. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनींनी बनावट हेरॉइन टोचून घेतले. त्यात एमपीटीपी नावाचे विष होते. त्याने सब्स्टॅन्शिया नायग्राच्या पेशी इतक्या झपाट्याने मारल्या की ती मुले काही दिवसांत लाकडासारखी ताठ झाली. लेव्होडोपाने ती हलू लागली, पण डिस्कायनेशियाही अगदी थोड्या काळात सुरू झाला. साध्या पार्किन्सनमध्ये ज्याला अनेक वर्षे लागतात, ते इथे वर्ष सरण्याआधी घडले. औषध तेच होते. आतली पडझड मात्र सुरुवातीपासूनच प्रचंड होती.

पण डोपामिनचे चढउतार हे अर्धेच उत्तर आहे. त्या चढउतारांचे मेंदूच्या जाळ्यात काय होते, हा उरलेला अर्धा भाग, आणि माझ्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. १९८९-९० च्या सुमारास अल्बिन, यंग, पेनी आणि माहलॉन डीलाँग यांनी एक सुंदर आराखडा मांडला. मेंदूच्या पृष्ठभागावरून, म्हणजे कॉर्टेक्सकडून, स्ट्रायटमकडे संदेश येतात. तिथून दोन वाटा फुटतात. एक वाट हालचालीला मोकळीक देते, दुसरी लगाम घालते. दोन्ही वाटा शेवटी पॅलिडम नावाच्या भागात येतात आणि तिथून थॅलॅमसमार्गे संदेश पुन्हा कॉर्टेक्सकडे जातो. डोपामिन पहिल्या वाटेला बळ देते, दुसरीला आवरते. डोपामिन कमी झाले की लगाम घट्ट, म्हणजे पार्किन्सन. जास्त झाले की लगाम सैल, म्हणजे डिस्कायनेशिया. हा आराखडा अतिशय उपयोगी ठरला. शस्त्रक्रियांना त्यानेच दिशा दिली.

आणि शस्त्रक्रियेनेच त्याची मर्यादा उघड केली. लगाम खेचणारा भाग पॅलिडम आहे. डिस्कायनेशियात लगाम आधीच सैल असेल, तर पॅलिडमचा तुकडा जाळून टाकल्यावर हालचाली बेफाम वाढायला हव्यात. प्रत्यक्षात उलटे घडले. १९९२ मध्ये स्वीडनच्या लौरी लाइटिनेन यांनी ही जुनी शस्त्रक्रिया पुन्हा प्रचारात आणली, तेव्हा विरुद्ध बाजूच्या अंगाचा डिस्कायनेशिया थांबला किंवा फारच कमी झाला. या कोड्याने अभ्यासकांना विचार बदलायला लावला. पॅलिडममधून संदेश किती जातात यापेक्षा ते कोणत्या लयीत, कोणत्या जुळणीत जातात, हे महत्त्वाचे ठरले. बिघडलेला संदेश पोचण्यापेक्षा संदेश अजिबात न पोचणे जाळ्याला अधिक सोसते.

ही जुळणी बिघडते कशी, याचा एक धागा २००३ मध्ये रोमच्या पाओलो कालाब्रेसी यांच्या गटाने शोधला. दोन पेशींमधला सांधा वापराने मजबूत होतो, आणि गरज संपली की तो पुन्हा पूर्वीसारखा करावा लागतो. या माघारीमुळेच मेंदू अनावश्यक गोष्टी पुसून टाकतो. डिस्कायनेशिया झालेल्या उंदरांमध्ये सांधे मजबूत होत होते, पण मागे फिरत नव्हते. चुकून उमटलेली हालचाल पुसली जात नव्हती. याचा अर्थ असा की डिस्कायनेशिया हा काही अंशी मेंदूने शिकलेला आणि विसरता न येणारा धडा आहे. म्हणूनच एकदा तो सुरू झाला की डोस कमी करूनही बऱ्याचदा पूर्णपणे जात नाही.

जिवंत माणसाच्या मेंदूत हे जाळे पाहायचे कसे? १९९५ मध्ये भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल अमेरिकेत विस्कॉन्सिनला एमआरआयवर काम करत होते. त्यांना आढळले की माणूस काहीही न करता पडून असतानासुद्धा डाव्या आणि उजव्या मोटर कॉर्टेक्समधले, म्हणजे हालचाल घडवणाऱ्या भागांतले, संकेत एकाच तालात वरखाली होतात. जे भाग एकत्र काम करतात ते विश्रांतीतही एकमेकांना धरून असतात. आज मेंदूची जोडणी मोजण्याच्या बहुतेक अभ्यासांचा पाया हा आहे. एक सावधगिरी मात्र ठेवली पाहिजे. इथे जोडणी म्हणजे तार नव्हे. दोन भागांतल्या चढउतारांचा मेळ आहे. मेळ दिसला म्हणून एकामुळे दुसरे घडते, असे लगेच म्हणता येत नाही.

एमआरआय वापरूनच २०१४ मध्ये कोपनहेगनच्या डॅमियन हर्झ, हार्टविग सीबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. डिस्कायनेशिया सुरू झाल्यावर रुग्ण हलतो, आणि हलणाऱ्या माणसाचा एमआरआय घेता येत नाही. म्हणून त्यांनी गोळी आणि हालचाल यांच्यामधला काळ पकडला. डिस्कायनेशिया होणारे १३ आणि न होणारे १३ रुग्ण घेतले, सगळ्यांना विरघळणारे, लवकर काम करणारे २०० मिलिग्रॅम लेव्होडोपा दिले आणि यंत्रात एक साधे काम करायला लावले : पडद्यावर खूण आली की डाव्या किंवा उजव्या हाताने कळ दाबायची, आणि विशिष्ट खुणेला दाबायची नाही. शरीर अजून शांत होते, पण ज्यांना पुढे डिस्कायनेशिया होणार होता त्यांच्या मेंदूत, हालचाल रोखायची असतानाच, पुटामेन हा स्ट्रायटमचा भाग आणि हालचालीची तयारी करणारा कॉर्टेक्सचा पुढचा भाग अवास्तव उद्दीपित झाले. थांबण्याच्या क्षणी जाळे सुटण्याच्या तयारीत होते. याच गटाच्या पुढच्या अभ्यासांत पुटामेन आणि कॉर्टेक्स यांच्या जोडणीतला असामान्य बदल विश्रांतीच्या अवस्थेतही, हालचाल दिसण्यापूर्वी टिपता आला.

मला हा शोध फार मोलाचा वाटतो. ‘मन आवर, पाय हलवू नकोस’ असे घरचे माणूस काकुळतीने सांगते तेव्हा ज्या यंत्रणेने आवरायचे, तीच गोळीच्या अंमलाखाली विस्कटलेली असते. तिथे इच्छाशक्तीचा प्रश्नच येत नाही. उलट तणावाने, गर्दीत, कोणी पाहत असताना या हालचाली वाढतात.

इटलीतल्या अंतोनियो चेरासा यांच्या गटाने आवरण्याच्या कामातला आणखी एक भाग तपासला : कपाळामागचा, उजव्या बाजूचा इन्फिरियर फ्रंटल कॉर्टेक्स. डिस्कायनेशियाच्या रुग्णांत लेव्होडोपानंतर या भागाची मोटर कॉर्टेक्सशी जोडणी घटलेली आणि पुटामेनशी वाढलेली दिसली. मग त्यांनी पुढचे पाऊल टाकले. डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन हा भाग थोडा वेळ शांत केला, आणि त्या डोसनंतरचा डिस्कायनेशिया कमी झाला. त्याआधी २००५ मध्ये रोममध्ये हालचालीची तयारी करणाऱ्या भागावर अशाच मंद स्पंदनांचा तात्पुरता गुण आला होता. हे प्रयोग लहान आहेत, परिणाम थोडा वेळ टिकणारा आहे, आणि दवाखान्यात रोज वापरावा असा उपचार त्यातून तयार झालेला नाही. तरी केवळ मेळ पाहण्यापलीकडे जाऊन जाळ्याला हात लावल्यावर हालचाल बदलते, हे त्यांनी दाखवले.

जाळ्याच्या बिघाडाची एक विजेची खूणही सापडली आहे. लुंडमध्ये २०१२ साली उंदरांच्या मोटर कॉर्टेक्समध्ये डिस्कायनेशियाच्या वेळी सेकंदाला सुमारे ८० आवर्तनांची लहर दिसली. चार वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत फिलिप स्टार यांच्या गटाला, मेंदूत विजेचे उत्तेजन देणारे यंत्र बसवलेल्या रुग्णांमध्ये, डिस्कायनेशिया सुरू असताना ६० ते ९० च्या पट्ट्यात तशीच लहर मिळाली. अशा खुणा वाचून स्वतःला कमीजास्त करणारी यंत्रे आता प्रत्यक्षात येत आहेत. मेंदूचे संकेत ऐकून उत्तेजन बदलणाऱ्या एका यंत्रणेला २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेत मान्यता मिळाली.

आता दुसरा प्रश्न. डिस्कायनेशिया होईल म्हणून लेव्होडोपा उशिरा सुरू करावे का? ही धास्ती आपल्याकडे घराघरांत आहे. ‘गोळी आत्ताच वापरून टाकली तर पुढे काय उरेल?’ असे रुग्ण विचारतात, आणि अंग आखडलेले असताना, आंघोळीला दुसऱ्याची मदत लागत असताना, औषध राखून ठेवतात. याचे उत्तर घानाने दिले. तिथे परिस्थितीमुळे रुग्णांना लेव्होडोपा उशिरा मिळते. रॉबेर्तो चिलिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये घाना आणि इटली इथल्या रुग्णांची तुलना केली. घानात आजार सुरू झाल्यावर सरासरी ४.२ वर्षांनी औषध सुरू झाले होते, इटलीत २.४ वर्षांनी. तरीही चढउतार आणि डिस्कायनेशिया दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच वर्षी सुरू झाले. उशीर केल्याने डिस्कायनेशिया पुढे गेला नाही. मधली बरी वर्षे तेवढी गेली. हालचालींचा संबंध दिसला तो आजार किती काळ आहे याच्याशी, आणि वजनाच्या मानाने डोस किती आहे याच्याशी. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांना औषध लगेच आणि अर्ध्यांना ४० आठवड्यांनी दिले. ८० आठवड्यांअखेर डिस्कायनेशियाच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. औषध लवकर घेतल्याने आजार मंदावला, असेही दिसले नाही. म्हणून गरज असेल तेव्हा औषध घ्यावे, आणि काम भागेल एवढेच घ्यावे.

‘काम भागेल एवढेच’ याला वजन आहे. लवकर वयात आजार झालेल्यांना, स्त्रियांना आणि कमी वजनाच्या रुग्णांना डिस्कायनेशियाचा धोका अधिक असतो. साठ-सत्तर किलोच्या पुरुषाला चालणारा डोस चाळीस किलोच्या आजीबाईंना जड जाऊ शकतो. आणि एक आवर्जून सांगतो : कवचबीजाचे, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांचे, चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. ते निसर्गातून आले असले तरी त्यात लेव्होडोपाच आहे, आणि ते गोळीच्या डोसात भर घालते. लेव्होडोपा मनाने अचानक बंदही करू नये. त्यातून जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते.

डिस्कायनेशिया सुरू झालाच, तर हात टेकण्याचे कारण नाही. डोस लहान करून अधिक वेळा देता येतो. प्रथिने आणि लेव्होडोपा आतड्यातून आत जाण्यासाठी एकाच दारावर गर्दी करतात, म्हणून काही रुग्णांत गोळी आणि डाळ-पनीर-दुधाचे जेवण यांच्या वेळा वेगळ्या केल्या की अंमल अधिक स्थिर होतो. मूळचे फ्लूवरचे औषध असलेले अमान्टाडीन डिस्कायनेशिया कमी करते. ग्रनोबलचे आलिम-लुई बनाबिद यांनी १९८७ पासून विकसित केलेली डीप ब्रेन स्टिम्युलेशनची, म्हणजे मेंदूत विजेचे उत्तेजन देणारे यंत्र बसवण्याची, शस्त्रक्रिया योग्य रुग्णांत फार गुणकारी ठरते, पण तिचा खर्च काही लाखांत जातो. लेव्होडोपा किंवा अपोमॉर्फीन पंपाने अखंड देण्याचा मार्ग मूळ दुखण्यावरच, म्हणजे पुरवठ्याच्या तुटकपणावर बोट ठेवतो. तोही सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. या उपचारांना सार्वजनिक रुग्णालयांत आणि विमा योजनांत पुरेशी जागा मिळावी, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

सौम्य डिस्कायनेशिया असलेल्या अनेक रुग्णांना मी विचारतो, काय पसंत कराल? बहुतेक सांगतात, हललो तरी चालेल, आखडलेला नको. घरच्यांना हलणे अधिक खुपते, कारण ते दिसते. म्हणून डोस कमी करण्याचा निर्णय पाहणाऱ्याच्या संकोचावरून होऊ नये. तो रुग्णाच्या दिवसावरून व्हावा. तो स्वतः जेवू शकतो का, बाहेर जाऊन येऊ शकतो का, पडतो का, दमतो का, हे विचारा.

मित्रहो, डिस्कायनेशिया म्हणजे औषधाने केलेली विषबाधा, ही समजूत आता टाकून द्यायला हवी. झिजत चाललेले जाळे तुटक पुरवठ्यावर चालताना जे शिकते, त्यातून या हालचाली येतात. ही समज तीन ठिकाणी पोचली पाहिजे. संशोधकांनी जाळ्याची जुळणी सुधारणारे उपचार शोधावेत, आणि ते आपल्या रुग्णांवर, आपल्या वजनांवर, आपल्या आहारावर तपासावेत. डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच रुग्णाला या हालचालींबद्दल मोकळेपणाने सांगावे, म्हणजे भीतीपोटी औषध अडकून राहणार नाही. आणि आपण सगळ्यांनी, पुढच्या वेळी सभेत, बसमध्ये किंवा देवळाच्या रांगेत कोणी असा झुलताना दिसला, तर त्याला जागा करून द्यावी आणि त्याच्याशी नेहमीसारखे बोलावे. तो माणूस औषध घेऊन, कष्टाने, आपल्यात यायला घराबाहेर पडलेला असतो.